लेकुरवाईची चिंधी

मरळ आमच्या तलावात परत आली अन् माह्या टोपलीचं बूड दिसू लागलं. लोकं म्हनतात, बुढे, तुले तं आनंद व्हावा, मरळीची वाट पाह्यता पाह्यता तुहा बुढा गेला. आनंद हाये. पन आनंदानं टोपली भरत नाई.

आम्ही भोई. घाटंजीच्या अलीकडं, तलावाच्या बंधाऱ्याखाली आमचे दहा-बारा घरं. मानसं मोठ्या जायानं मोठी मासोई धरत, आम्ही बाया कापडानं बारीक. कापडानं म्हनजे जुन्या लुगड्यानं. दोघीनं दोन टोकं धराचे, मांडीभर पान्यात वाकून चालाचं, अन् दोघीनं एकदमच उचलाचं. एकीनं आधी उचललं का सारं दुसरीकडून पयून जाते. कापडात बारीक मासोया येतात, झिंगे येतात, काडीकचरा येते. ते निवडाचं, धुवाचं, दगडावर उन्हात टाकाचं, कावयायपासून राखन कराची अन् बाजाराच्या दिवशी टोपली डोक्यावर घ्याची. असं माहं सारं आयुष्य.

हे काम एकटीचं नाई. मी लगन होऊन आली तवा दुसरं टोक सासूच्या हाती होतं. सासू थकली, मंग माह्या पोरीनं धरलं. ते एकच पोरगी. तिच्या आधी दोन झालते, ते राह्यले नाई. पोरगी सात वर्साची असंन, पानी तिच्या कमरेवर येये, तरी मले म्हने, "माय, तू उचल म्हन, मंग उचलतो." आजही वाकली का कानात तेच येते.

सासूनं पयल्याच पावसायात मले एक गोष्ट दाखोली. बेशरमीच्या झुडपायच्या बेटाजवय पान्यावर तांबडं काहीतरी हालून राह्यलतं, परातीएवढं. जसं कोनी मिरचीपूड सांडली अन् खालून पानी उकयलं.

"हे काय वं आत्याबाई?"

"मरळीचे लेकरं. खाली पाह्य."

खाली काया ओंडका दिसला. मंग ओंडक्यानं शेपूट हालवली. माह्या हातचं कापडच सुटलं.

"भेऊ नोको. दोघं राह्यतात, एक माय अन् एक बाप. लेकरं तांबडे हायेत तोवर जागा सोडत नाईत."

तिनं आपल्या लुगड्याची कोर दातानं फाडली, एक काडी चिखलात रोवली अन् तिले चिंधी बांधली. अशा मरळीले आम्ही लेकुरवाई म्हनतो. चिंधी दिसली का तिथं जायं टाकाचं नाई, गरीचा काटा टाकाचा नाई, बायानं कापडही ओढाचं नाई. जो पयले पाह्यन त्यानं आपल्या अंगावरच्याच कापडाची चिंधी बांधाची. महिन्या-सव्वा महिन्यात लेकरं तांबडे जाऊन काये होतात अन् पांगतात. मंग ज्याची चिंधी त्यानंच सोडाची. त्याच्यानंतर मरळ धरा, खा, इका, कोनी काही म्हनत नाई.

मी पुसलं, "येवढं कायले वं? आपलीच तं मासोई."

सासू म्हनली, "लेकुरवाई धरनं लय सोपं राह्यते. लेकरायत गरी नाचवली का ते धावून येते. भुकेनं नाई, रागानं. जे सोपं राह्यते ना बाई, तेच मना कराव लागते."

तवा हे मी कानावरून जाऊ देल्लं.

पोरगी पयल्या बायंतपनाले माह्याकडं आली. लेकरू झालं, मुलगी, चांगली होती. पन पोरीचं रगत लय गेलं. यवतमायच्या दवाखान्यात ठेवली, मंग घरी आनली. कनकीसारखी पांढरी दिसे. उठून बसवली का डोये फिरवे. आमच्यात बायंतीनले मरळीचा रस्सा देतात, त्यानं अंगात ताकत येते. माह्या मालकानं चार दिवस जायं टाकलं, एक मरळ लागली नाई. तलावात तवाच कमी झालत्या. मोठे जाये आलते, आर्नीच्या बाजारात मरळीले मागनी होती, अन् जो तो मरळच धरे.

एक जोडी मात्र मले माहीत होती. बेशरमीच्या बेटापाशी. तिथं चिंधी होती, अन् ते चिंधी माहीच होती. आठ दिवस झालते बांधून. लेकरं लालभडक.

पाचव्या दिवशी सकायी मी मालकाले म्हनली, "जा, गरी घेऊन जा."

तो म्हने, "चिंधी हाये ना तुही."

"सोडली मी."

खरंच सोडून आलती मी, तांबडं फुटाच्या आधी. गाठ पान्यानं फुगलती, सुटत नव्हती, दातानं सोडली. तो लय वेय उंबऱ्यात बसून राह्यला. मंग गेला. सकायी माय आनली, दोपारी बाप. सासूनं सांगतलं तसंच झालं, लय सोपं. येवढं सोपं का मालकाले जेवन गेलं नाई.

पोरगी आठ दिवस रस्सा प्याली अन् उठली. हे मी लपवत नाई.

पन मरळी धरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी भांडे घासाले गेलती, तवा जे पाह्यलं ते सांगतो. तांबडा गोया तिथंच होता. त्यायले कुठं जावाचं ते माहीत नव्हतं. अन् चारही बाजूनं बारीक मासोया आलत्या. ज्या आम्ही कापडानं धरतो त्याच, बोटाएवढ्या, चांदीसारख्या. आधी भेत भेत येत, लेकरू उचलत अन् पयत. मंग भ्या गेलं. सांजीपर्यंत पानी साधं झालतं, मिरचीपुडीचा एक कन नाई. मरळ साऱ्या जनमभर ज्यायले खाते, त्यायनंच तिचे लेकरं खाल्ले. उलटंच झालं.

माहीच चिंधी सुटली तं दुसऱ्याची कायले राह्यते? कोनाची सासू बिमार, कोनाच्या घरी पाव्हने. दोन-तीन पावसायात साऱ्या चिंध्या गेल्या. मंग मरळही गेली.

मंग जे दिवस आले, ते खरं सांगाचं तं आम्हा बायाचे सुखाचे दिवस. खानारं कोनी नाई तं बारीक मासोया मोकाट सुटल्या. भर पान्यात दोपारी त्यायचा लोट चाले. पायाले टोचत. दोन फेऱ्यात टोपली भरे. शेजारीन म्हने, "माय वो, बरं झालं मरळ मेली, आता आपलं राज."

मी हासो. पन मासोई येवढी येवढीशीच राहे, काडीसारखी, कधी भरलीच नाई. अन् तलावाचं पानी हिरवं झालं, हात घातला तं बोटं दिसत नव्हते. मालक म्हने, "लय लेकरायचं घर अन् खावाले काही नाई, असं झालं हे." त्याले ते हिरवं पानी पाह्यवत नव्हतं.

तो दर पावसायात नदीवर जाये अन् गुंडात, म्हनजे पितयी घागरीत, पानी भरून मरळीचे पिल्लं आने. चालत. एस.टी.त कंडक्टर घेत नव्हता, म्हने बुढ्या, पानी सांडशीन. गुंड डोक्यावर, वरून फडकं बांधलेलं. तलावात सोडे अन् बसून राहे. दोन दिवसात काही राहत नव्हतं. एकदा मले म्हने, "तू जास्त धर ना वं. ह्या बारीक कमी झाल्या का मरळ जगन."

मी म्हनली, "अन् त्या कमी झाल्या का आपन काय खावाचं?"

गुंड मात्र आनत राह्यला. दोन-चार जगल्या असतीन, कोनाले दिसल्या नाई. पाच-सात साल तरी त्याचं हे चाललं. मिरग लागला का बंधाऱ्यावर जाऊन पान्याकडं पाहे, तांबडं दिसते का म्हनून. मले कधी म्हनला नाई का तू चिंधी सोडली. म्हनला असता तं बरं झालं असतं. मंग पोटाचं दुखनं लागलं अन् तो गेला.

पोरगी तवा सुरतेकडं गेलती. जावयाले तिकडं काम भेटलं. आधी साल-दर-साल येये, मंग दोन सालानं, मंग तीन. मी कापडाचं दुसरं टोक एका बल्लीले बांधलं. बल्ली चिखलात रोवाची अन् आपन गोल फिराचं. बल्ली कधी "उचल म्हन" म्हनत नाई. मासोई लय होती म्हनून तसंही भागून जाये.

मंग तो उन्हाया आला जवा तलाव पूर्न सुकला. इतक्या सालात पयल्यांदाच. चिखलाले भेगा पडल्या, पोट्टे मधात बॅट-बॉल खेयत. बारीक मासोया शेवटच्या डबक्यात पांढऱ्या होऊन मेल्या, वास साऱ्या वस्तीत. मी त्या साली अन् पुढच्या सालीही लोकाच्या वावरात पराटीचा कापूस वेचाले गेली. ह्या वयात कंबर वाकत नाई, बसून बसून सरकाव लागते. मुकडदम म्हने, "आजी, तू पराटी वेचून राह्यली का पराटी तुले?" मी म्हनली, "बाप्पा, दोघीही सुकल्याच हावो."

तलावात पुन्हा पानी भरलं. अन् एक दिवस बंधाऱ्यापाशी एक मोठी मासोई पान्यावर तोंड काढून हवा पिऊन गेली. मरळच असं करते. मी उभीच राह्यली. माह्या मालकानं आनलेल्या त्या दोन-चार, ओल्या चिखलात खोल जाऊन बसल्या असतीन. मरळ तसं राहू शकते, पान्याबिगर, चिखलात, वाट पाह्यत. बारीक मासोई नाई राहू शकत. त्या मेल्या म्हनून मरळीचे लेकरं पयल्यांदा वाचले. मालक सांगे ते हेच होतं. फकत मी ते केलं नाई, उन्हायानं केलं.

आता बारीक मासोई परत आली हाये, पन ते वेगयी. मोकया पान्यात येतच नाई. दिवसभर बेशरमीच्या बेटात, गवताच्या मुयात घुसून राह्यते. सावली पडली का गायब. कमी हाये, पन एकेक मासोई बोटभर जाड, पोटात अंडे. पानी साफ झालं, पायाचे नखं दिसतात. अन् बेटात बल्ली लावून कापड फिरत नाई. तिथं दोघीच पाह्यजे, एकीनं हाकलाचं अन् एकीनं धराचं. शेजारीन गेली वारून, तिच्या सुना कंपनीत जातात. म्हनून टोपलीचं बूड दिसते.

ह्या साली पेरनी आटोपल्यावर पोरीचा फोन आला. पुतन्याच्या मोबाइलवर करते ते.

"माय, मी येऊन राह्यली. चार दिवस. मरळ आली म्हने आपल्या तलावात?"

"आली."

"मंग मले एक ठेवजो. तुया हातचा रस्सा. तिकडं लय याद येते वं."

तीन सालानं पोरगी येनार अन् तिनं एकच गोष्ट मागतली. मी हो म्हनली. हो नाई म्हननार तं काय?

पुतन्यानं तीन दिवस जायं टाकलं. नाई लागली. अजून मोजक्याच हायेत त्या. चौथ्या दिवशी सकायी मी बेटापाशी गेली अन् तांबडं दिसलं. परातीएवढं. त्याच जागी. खाली ओंडका होता, अन् बारीक मासोया बेटातून डोकावून पाह्यत होत्या, पन बाहेर यावाची कोनाची हिंमत नाई. एक आली जराशी. ओंडका हालला. गेली ते परत.

पुतन्या मागून आला. त्यानंही पाह्यलं. खिशात गरी होती त्याच्या.

"काकू, हे पाह्य, देवानं धाडली. पाच मिनिटाचं काम."

"नोको."

"ताई उद्या येनार हाये. काय देशीन तिले, आंबाडीची भाजी?"

"देईन."

"अवो काकू, तुह्याच पोरीसाठी म्हनून राह्यलो. एका मरळीनं काय होते?"

"मले माहीत हाये एका मरळीनं काय होते," मी म्हनली. "दोन होत्या त्या."

त्याले ते समजलं नाई. तो तवा लहान होता. मी लुगड्याची कोर दातानं फाडाले गेली तं दात नाई. त्याले म्हनली, "फाड." तो हासला, म्हने, "लुगडं तुहं, चिंधी तुही, अन् मेहनत माही." पन फाडली त्यानं. काडी मी रोवली, गाठ मी बांधली.

पोरगी आली. एस.टी.तून उतरली तवा मले वयखूच आली नाई, केस पांढरे झाले तिचे. जेवाले बसली, ताटात पाह्यलं. भाकर, वांग्यात टाकलेली सुकी मासोई.

"मरळ कुठं हाये?"

"नाई धरली."

"भेटली नाई?"

खोटं बोलता आलं असतं. "भेटली. लेकुरवाई होती."

तिनं हात थांबवला. "म्हनजे तुयासाठी मासोईची लेकरं मोठी, अन् आपली पोरगी तीन सालानं आली तं तिले सुकी?"

ते जेवली, पन माह्याकडं पाठ करून. चार दिवसातला एक दिवस असा गेला. चारच तं माह्यापाशी होते.

दुसऱ्या दिवशी सकायी मीच तिले तलावावर नेलं. काडी दाखोली, तांबडं दाखोलं. मंग मी तिले चिंधीची ते गोष्ट सांगतली, जे तिले कधीच सांगतली नव्हती. का तू पांढरी पडलती, का मी गाठ दातानं सोडली, का तुया बापाले जेवन गेलं नाई, अन् नदीवरून तो गुंड कायले आने. तिले इतकंच माहीत होतं का बापानं मरळ आनली अन् त्यानं आपला जीव वाचला.

तिनं चिंधीच्या काडीकडं पाह्यलं. मंग म्हने, "तवा तुहे दात होते म्हना."

आम्ही दोघीही हासलो. किती दिवसानं.

मंग तिनं साडी खोचली. "कापड आन माय."

"तुह्यानं होत नाई आता."

"आन म्हनतो ना."

चिंधीपासून लांब, बेटाच्या दुसऱ्या अंगानं आम्ही कापड लावलं. ते पायानं गवत हालवे, मी वाकून. तिच्या मांडीवर पानी, एकदा तं बसलीच ते पान्यात, कंबर धरून. अन् मंग म्हनली, "माय, तू उचल म्हन, मंग उचलतो."

मी तिच्याकडंच पाह्यत राह्यली. कापड तसंच राह्यलं. मासोई पयाली.

"अवो उचल म्हन ना!"

"उचल," मी म्हनली.

दोन ओंजया मासोई निघाली. जाड, अंडेवाली. सांजी तिनंच मीठ-हयद लावून तव्यावर भाजली अन् पाठ न करता खाल्ली. चौथ्या दिवशी गेली. एस.टी.च्या खिडकीतून हात काढून म्हने, "सांगजो मले, काये झाले का."

ते गेल्यावर मी रोज जाऊन बसली. कोनी गरी टाकू नये म्हनून. पुतन्या दोनदा येऊन गेला, चिंधीकडं पाह्यलं, तंबाखू थुंकला अन् परत गेला. टोपली रिकामीच होती, पन मी कापूस लागेपर्यंत कसंही काढीन. तांबडं विटकरी झालं, मंग मातीसारखं. परवा पाह्यलं तं सारे काये. अन् काल गोयाच नव्हता, पांगले.

चिंधी सोडली. गाठ फुगलती, ह्या खेपी नखानं सोडली, वेय लागला. सांजी पुतन्याकडून फोन लावला.

"झाले काये," मी सांगतलं.

"सारे?"

"जितके होते तितके."

"सोडली चिंधी?"

"सोडली."

"मंग आता धर ना एक, माह्यासाठी."

"तू ये," मी म्हनली. "आली का धरू."

तिकडं मशीनीचा आवाज येत होता. ते म्हनली पाह्यतो, सुट्टी भेटते का. मी म्हनली, पाह्य. मंग फोन पुतन्याले देल्ला अन् कापड धुवाले घेतलं. एक टोक मी धरलं, दुसरं बल्लीले गुंडायून पिरगायलं.